मॉर्गनच्या पाटीला सोनेरी रंग

इंडियाना राज्यात रस्त्याकडेला इतिहासाच्या ज्या पाट्या उभ्या असतात त्या गडद निळ्या, आणि त्यावरची अक्षरं सोनेरी. ओतीव ॲल्युमिनियमच्या, चांगल्या जाडजूड, बहुतेकदा दोन्ही बाजूंनी मजकूर आणि माथ्यावर राज्याचा छोटा नकाशा. अक्षरं उठावाची, पाटीबरोबरच ओतलेली. त्यामुळे वर्षानुवर्षं ऊनपाऊस आणि बर्फ खाऊनही अक्षर झिजत नाही. पण सोनेरी रंग उडाला की ते असून नसल्यासारखं होतं. शेजारून गाड्या भर्रकन जातात आणि कुणाला वाटतं, वीजखात्याचा कसलासा खांब असेल.

अशी एक पाटी गेल्या उन्हाळ्यात आम्ही मायलेकींनी रंगवली, अमेरिकन गृहयुद्धातल्या मॉर्गन नावाच्या सेनापतीच्या स्वारीची. आम्ही राहतो लुईव्हिलला, ओहायो नदीच्या दक्षिण काठावर, म्हणजे केंटकीत. पूल ओलांडला की इंडियाना. लेकीच्या शाळेत समाजसेवेचे तास भरावे लागतात. फूड बँक, भटक्या कुत्र्यांचा निवारा वगैरे ठिकाणच्या जागा तिच्या मैत्रिणींनी आधीच पटकावल्या होत्या. कॉरिडॉन गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींना जुन्या पाट्या रंगवायला हात हवे आहेत, अशी चिठ्ठी एका वाचनालयाच्या फळ्यावर दिसली. "आई, रंगकाम आहे, सोपं असेल," असं म्हणून तिने नाव दिलं. ती अठराची नाही, त्यामुळे सोबत पालक हवा, म्हणून मीही आपोआप भरती झाले. नवऱ्याने शिडी दिली आणि शुभेच्छा दिल्या.

सोपं बिपं काही नव्हतं. एक तर पाटी राज्याच्या मालकीची. मनात आलं आणि ब्रश घेऊन गेलं असं चालत नाही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायचे, जवळून आणि लांबून. खांब हलतोय का, पाटीला तडा आहे का, गोळी लागलीय का हे कळवायचं. (गोळी लागलीय का, हा प्रश्न खरोखर विचारतात. गावाबाहेरच्या पाट्यांवर नेमबाजीचा सराव करणारे लोक इथे आहेत.) मग रंग कोणता वापरणार ते सांगायचं, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून काम करायचं म्हणून रस्तेवाल्यांची वेगळी परवानगी. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाणं मला नवीन नाही, मिरजेच्या नगरपालिकेत वडिलांबरोबर मी पुष्कळ हेलपाटे घातलेत. इथे फरक एवढाच की उत्तरं ईमेलने आली आणि प्रत्येक उत्तरात आमचे आभार मानलेले होते. वेळ मात्र तेवढाच लागला.

आमच्यावर देखरेखीला मंडळींपैकी एक आजोबा होते. शाळेत धातुकाम शिकवून निवृत्त झालेले. बोलायला भारी हौशी, पण रंगाच्या बाबतीत कडक. पहिल्या दिवशी त्यांनी रंगाच्या डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. "आधी बघा," म्हणाले, आणि आम्हाला घेऊन गेले गावाच्या दक्षिणेला, जुन्या १३५ क्रमांकाच्या रस्त्यावरच्या त्या छोट्याशा रणभूमीच्या बागेत.

कॉरिडॉन हे हॅरिसन काउंटीचं मुख्य गाव. आज तिथे एक चौक, जुन्या विधानभवनाची चुनखडीची टुमदार इमारत, दोनचार खानावळी. पण १८१६ ते १८२५ ही इंडियाना राज्याची पहिली राजधानी होती. राज्यघटनेवर काम करणारे लोक उकाड्याला कंटाळून ज्या एल्मच्या झाडाखाली येऊन बसत, त्याचं खोडसुद्धा त्यांनी जपून ठेवलंय. राजधानी इंडियानापोलिसला गेली आणि गाव निवांत झालं. ते ९ जुलै १८६३ पर्यंत.

त्या दिवशी काय झालं ते आजोबांनी हातवारे करून सांगितलं. नंतर मी वाचून काढलं तेव्हा त्यांनी फारसं मीठमसाला लावलेला नव्हता असं दिसलं.

जॉन हंट मॉर्गन हा गृहयुद्धात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट बाजूचा घोडदळाचा सेनापती. केंटकीतच वाढलेला. त्याचा वरिष्ठ ब्रॅक्सटन ब्रॅग याने त्याला केंटकीत धुमाकूळ घालायची परवानगी दिली होती, पण ओहायो नदी ओलांडायची नाही अशी स्पष्ट ताकीद होती. मॉर्गनने ती धाब्यावर बसवली. जुलैच्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार स्वार घेऊन तो मुलूखगिरीला निघाला. ४ जुलैला टेब्ज बेंड या ठिकाणी एका छोट्या तुकडीने त्याला चांगलं झोडपलं. मॉर्गनने शरण ये म्हणून निरोप पाठवला तर तिथल्या कर्नल मूरचं उत्तर, आज स्वातंत्र्यदिन आहे, असल्या गोष्टीला हा दिवस बरा नाही. दुसऱ्याच दिवशी केंटकीतल्याच लेबनन गावच्या लढाईत मॉर्गनचा धाकटा भाऊ टॉम मारला गेला. तरी हा पुढेच.

नदीकाठच्या ब्रँडनबर्गला त्याच्या माणसांनी दोन आगबोटी पकडल्या, 'मॅकोम्ब्ज' आणि 'ॲलिस डीन'. पलीकडच्या काठावर मॉकपोर्टजवळ शेतकऱ्यांनी एक तोफ आणून चार गोळे टाकले, मॉर्गनच्या तोफांनी त्यांना गप्प केलं. ८ जुलैला सगळी फौज, घोडे, तोफा अशी खेपाखेपाने नदीपार झाली. मग 'ॲलिस डीन' जाळून टाकली. 'मॅकोम्ब्ज' मात्र सोडून दिली, कारण तिचा कप्तान मॉर्गनच्या मेहुण्याच्या, बेसिल ड्यूकच्या ओळखीचा होता. ओळखीने कामं होतात ती अशी.

कॉरिडॉनच्या लोकांना बातमी लागली होती. राज्याची म्हणून 'इंडियाना लीजन' नावाची एक सेना होती, पण तिच्यातली माणसं शेतकरी, सुतार, दुकानदार. आठवड्याचं काम आटोपून कवायत करणारी. आपल्याकडे होमगार्ड म्हणतो तसंच, आणि इथेही त्यांना होमगार्डच म्हणतात. कर्नल लुईस जॉर्डनच्या हाताखाली असे सव्वाचारशे-साडेचारशे जण जमले. गावाच्या दक्षिणेला टेकाडावर त्यांनी ओंडके आणि शेताच्या कुंपणाचे लाकडी वासे रचून आडोसा केला आणि मागे पडून राहिले. आम्ही उभे होतो ती जागा तीच. आता तिथे उंच झाडांची दाट सावली आहे, जुन्या लाकडी बांधणीचं एक खोपटं आहे, आणि त्या दिवशी आमच्याशिवाय फक्त डास होते.

लढाई तासभरही चालली नाही. पहिला हल्ला होमगार्डांनी परतवला. मग मॉर्गनच्या स्वारांनी दोन्ही बगलांनी वळसा घातला आणि तोफांचे गोळे गावाच्या दिशेने पडायला लागले. जॉर्डनने मागे हटून गावात पांढरं निशाण दाखवलं. होमगार्डांचे चार-पाच जण मेले. मॉर्गनचे ११ मेले आणि ४० जखमी झाले हा सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा. म्हणजे हरणाऱ्यांपेक्षा जिंकणाऱ्यांचे जास्त. साडेतीनशेच्या आसपास कैदी. एवढी माणसं बरोबर घेऊन फिरणार कुठे, म्हणून पुन्हा शस्त्र धरणार नाही असं वदवून घेऊन त्यांना सोडून दिलं.

मग खंडणी. गावातल्या पिठाच्या गिरण्या जाळायच्या नसतील तर गिरणीमागे सातशे ते हजार डॉलर काढा. दुकानं लुटली, काउंटीच्या खजिन्यातली रोकड उचलली. मॉर्गन स्वतः किंटनर हॉटेलात जेवायला बसला, आणि तिथे मालकाच्या मुलीकडून त्याला कळलं की उत्तरेत, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या मोठ्या लढाईत दक्षिणेची फौज हरली आहे. म्हणजे त्याच्या या सगळ्या उपद्व्यापाचा उपयोग काय, हा प्रश्न त्याच जेवणात त्याच्यासमोर आला असणार. तरी तो मागे फिरला नाही.

पुढे सेलम गावात त्याच्या स्वारांनी जी लूट केली ती ड्यूकने नंतर स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि जरा ओशाळूनच. एकाने पिंजऱ्यातले तीन कॅनरी पक्षी दोन दिवस घोड्यावरून मिरवले. दुसऱ्याने खोगिरावर अन्न गरम ठेवायचं भांडं बांधलं. तिसऱ्याने भर जुलैच्या उकाड्यात बर्फावर घसरायच्या स्केट्सचे सात जोड गळ्यात अडकवले. कापडाचे तागेच्या तागे उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात टाकून नवे घ्यायचे. माझी लेक स्केट्सवर फिदा झाली. "पाटीवर हे का नाही लिहिलं?" हा तिचा पहिला प्रश्न. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं.

पाटी रंगवायची पद्धत अशी. आधी साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. आमच्या पाटीच्या उत्तरेकडच्या बाजूला हिरवट शेवाळ चढलेलं, आणि माथ्यावरच्या नकाशाच्या मागे गांधीलमाश्यांचं पोळं. पोळं आजोबांनी काढलं, आम्ही गाडीत काचा वर करून बसलो. धुऊन वाळल्यावर सुटलेल्या रंगाचे पापुद्रे खरवडायचे, मग बारीक पॉलिशपेपर. इथे हात आवरावा लागतो, कारण जोरात घासलं तर अक्षराच्या कडा गोल होतात आणि एकदा गोल झालेली कड परत येत नाही. त्यानंतर प्रायमर, आणि त्यावर निळ्याचे दोन पातळ हात. अक्षरांसकट सगळंच निळं करून टाकायचं. लेक म्हणाली, आता तर आधी होतं त्यापेक्षाही वाचता येत नाही.

निळ्याची एक भानगड झाली. दुकानदाराने नमुन्याशी जुळवून दिलेला रंग डब्यात बरोबर दिसत होता, पण वाळल्यावर तो जांभळ्याकडे झुकला. मुंजीतल्या सोवळ्याचा रंग. दुकानदार म्हणे, उन्हात बघू नका. रस्त्याकडेची पाटी उन्हात बघायची नाही तर कुठे बघायची? आजोबांनी शांतपणे ती बाजू पुन्हा घासायला लावली आणि दुसऱ्या दुकानातून रंग आणला.

त्यात ओहायोच्या खोऱ्यातला उन्हाळा. हवा इतकी दमट की रंग वाळतच नाही. सकाळी दव, दुपारी चिकचिक, संध्याकाळी वीज-पाऊस. आम्ही अंदाज बघून जायचो आणि कधीकधी तंबूसारखी ताडपत्री बांधून परत यायचो. जाकिटं फ्लोरोसंट पिवळी, रस्त्याला नारिंगी शंकू. जाणारे येणारे हॉर्न वाजवायचे, काही थांबून विचारायचे. एका बाईंनी गाडीतून थंडगार टरबूज कापून आणून दिलं आणि सांगितलं की त्यांच्या पणजोबांचा घोडा मॉर्गनच्या लोकांनी नेला. या भागात अर्ध्या लोकांच्या पणजोबांचा घोडा मॉर्गनने नेलेला आहे.

मग सोनेरी. सगळं कसब इथे. स्पंजाचा छोटा, टणक रोलर घ्यायचा, त्याला अगदी थोडा रंग लावायचा आणि आधी पुठ्ठ्यावर फिरवून फिरवून जवळजवळ कोरडा करायचा. रोलर चरचर असा आवाज करायला लागला की तो तयार. ओला असताना चिकट, चपचप आवाज येतो. तसा लावला तर रंग अक्षरावरून घरंगळून निळ्यात उतरतो, आणि मग तो चिंधीने पुसा, निळा परत लावा, वाळू द्या, पुन्हा या. कोरडा रोलर अलगद, वजन न देता उठावाच्या माथ्यावरून नेला की एकेक अक्षर उजळत जातं. आडवा नेल्यावर जे राहतं ते बारीक ब्रशने. ए आणि इ या इंग्रजी अक्षरांचे डोळे रंगाने बुजतात, ते टोकदार काडीने कोरून मोकळे करायचे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम सगळ्यात त्रासाचे. एका एममध्ये डास अडकून तिथेच सोनेरी झाला. लेकीला तो काढायचाच नव्हता.

हे करताना मजकूर ज्या वेगाने वाचला जातो त्या वेगाने तो लिहिणाऱ्याने तरी वाचला होता का, मला शंका आहे. एक शब्द पुरा व्हायला पाच-सात मिनिटं. तेव्हा कळतं की कुणाला किती अक्षरं मिळालीत. या भागातल्या मॉर्गनच्या पाट्या बऱ्याचशा गृहयुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने, १९६३ मध्ये लागल्या. सगळ्यांचा नायक एकच. मॉर्गन आला, मॉर्गनने ओलांडलं, मॉर्गन गेला. ओंडक्यामागे पडून राहिलेले शेतकरी मजकुरात असले तर संख्या म्हणून. आमच्या पाटीवर तर जॉर्डनचं नावही नव्हतं.

लेकीने ब्रश खाली ठेवून आजोबांना विचारलंच. "हा गुलामगिरीच्या बाजूने लढला ना? आणि इथल्या लोकांना लुटलं. मग मी त्याचं नाव सोनेरी का करतेय?"

आजोबा हसले नाहीत, ते मला आवडलं. म्हणाले, "मी पन्नास वर्षांपूर्वी माझ्या मास्तरांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, ॲल्युमिनियम महाग आहे, पाडता येत नाही."

माझ्या आजोळी मारुतीच्या देवळाशेजारी एक वीरगळ आहे, अर्धी मातीत गेलेली. खाली लढाई आणि गाईगुरं, मध्ये अप्सरा त्या वीराला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगापुढे बसलाय, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. नाव कुणाचंच नाही. पण कुणासाठी उभी केली यात शंका नाही: गावाची गुरं नेणाऱ्यांना आडवा गेला आणि मेला त्याच्यासाठी. गुरं नेणाऱ्याची वीरगळ आपल्याकडे कुणी उभारत नाही. कॉरिडॉनच्या रस्त्यावर नेमकी तीच उभारलीय, आणि ती चांगल्या शेतकऱ्यांनी, हौसेने, वर्गणी काढून राखलीय. हे मला अजूनही नीटसं पचलेलं नाही. मॉर्गनचा पाठलाग, त्याचा जोश, त्याचा तो तारवाला एल्सवर्थ, जो शत्रूच्या तारा जोडून खोटे निरोप पाठवायचा, हे सगळं ऐकायला मजेचं आहे, मान्य. पण मजा सांगणाऱ्याची असते, गिरणीवाल्याची नाही.

नदीच्या दक्षिणेला हा प्रश्न अलीकडे चांगलाच पेटला होता. लुईव्हिलमधलं कॉन्फेडरेट सैनिकांचं मोठं स्मारक २०१६ मध्ये शहरातून काढलं आणि नेऊन कुठे उभारलं, तर ब्रँडनबर्गला, जिथून मॉर्गन नदीपार झाला त्याच काठावर. लेक्सिंग्टनला मॉर्गनचा घोड्यावरचा पुतळा होता, १९११ चा. तो २०१७ मध्ये कोर्टाजवळून हलवला, आता कबरस्तानात आहे. त्याची लाडकी घोडी ब्लॅक बेस. शिल्पकाराने मात्र सेनापतीखाली घोडी बरी दिसत नाही म्हणून चक्क घोडा करून टाकला. इतिहासाची दुरुस्ती म्हणजे काय याचा तो नमुनाच.

इंडियाना मात्र पाटी हलवत नाही, शेजारी दुसरी लावतं. हे मला कॉरिडॉनच्या चौकातच दिसलं. तिथे पॉली स्ट्राँगची पाटी आहे. पॉली ही व्हिन्सेन्सच्या एका धनिकाच्या, ह्यासिंथ लासेलच्या घरात गुलाम म्हणून ठेवलेली कृष्णवर्णीय स्त्री. १८१६ च्या राज्यघटनेने गुलामगिरीला बंदी केली होती, तरी खालच्या कोर्टाने तिला लासेलची मालमत्ताच ठरवलं. १८२० मध्ये कॉरिडॉनला बसणाऱ्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून तिला मुक्त केलं. तेच राज्य पुढे १८५१ च्या घटनेत कृष्णवर्णीयांना इथे राहायला येण्याचीच बंदी घालतं. म्हणजे ९ जुलैला ओंडक्यामागे जे राज्य राखलं जात होतं त्याच्या घटनेत तेव्हा ते कलम होतं. आजोबांनी हे आम्हाला न विचारता सांगितलं, आणि रोलर पुठ्ठ्यावर फिरवत राहिले.

नव्या पाट्यांची एक गोष्ट मला फार पटली. आता कुणी पाटी मागितली तर राज्याचा इतिहास विभाग प्रत्येक वाक्याला पुरावा मागतो. त्या काळची पत्रं, वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद. कुणाच्या तरी पुस्तकात आहे, हे पुरत नाही. आणि ते सगळे संदर्भ लोकांना वाचायला खुले ठेवतात. १९६३ ला असं काही नव्हतं, त्यामुळे गावोगावच्या गप्पाही धातूत ओतल्या गेल्या.

गप्पांवरून आठवलं. कॉरिडॉनमध्ये तुम्हाला हमखास एक वाक्य ऐकवतात: उत्तरेच्या भूमीवर गृहयुद्धाच्या दोनच लढाया झाल्या, एक गेटिसबर्ग आणि दुसरी आमची. इंडियानात झालेली एकमेव खरी लढाई, एवढं म्हणालात तर ठीक. पण दोनच म्हणायचं तर खुद्द मॉर्गनचंच काय करायचं? इंडियानातून १३ जुलैला तो शेजारच्या ओहायो राज्यात शिरला आणि १९ जुलैला बफिंग्टन बेटापाशी त्याला गाठलं. नदीत युद्धनौका, मागे घोडदळ. तिथे त्याची शेकडो माणसं पकडली गेली. कॉरिडॉनपेक्षा किती तरी मोठी लढाई, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले दोघं, हेझ आणि मॅकिन्ली, त्या मोहिमेत होते. मॉर्गन स्वतः निसटला, २६ जुलैला ओहायोच्या ईशान्य टोकाला सापडला. कोलंबस शहरातल्या तुरुंगात ठेवला तर नोव्हेंबरात भुयार खणून पळाला. पुढच्या वर्षी ४ सप्टेंबरला टेनेसीतल्या ग्रीनव्हिलला मारला गेला.

हे मी आजोबांना बोलून दाखवलं. त्यांना माहीत होतं. "पण बाई, गेटिसबर्गच्या बरोबरीने आपलं नाव घ्यायला मिळतं," ते म्हणाले, "एवढं तरी राहू द्या." मी राहू दिलं.

दुसरी बाजू पूर्ण होईपर्यंत ऑगस्ट लागला होता आणि लेकीची शाळा सुरू झाली होती. तिच्या तासांचा फॉर्म आजोबांनी भरला. त्यात गाडीत बसून गांधीलमाश्यांना घाबरण्याचे तास त्यांनी धरले नाहीत, असं ते म्हणाले. वरून पारदर्शक लेप द्यायचा की नाही यावर मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो लेपाने रंग टिकतो, दुसरा म्हणतो काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि पापुद्र्याने निघतो, मग पुढच्याचं काम दुप्पट. आजोबा दुसऱ्या तटातले, त्यामुळे आम्ही लेप दिला नाही. कुणाला अशी पाटी रंगवायची असेल तर माझा सल्ला: जुलै टाळा, सप्टेंबर धरा, आणि निळा रंग डब्यात बघून घेऊ नका, ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लावून, वाळवून, उन्हात बघून घ्या.

लेक मात्र आता वेगळ्याच नादाला लागलीय. मॉर्गनच्या स्वारीत झालेल्या नुकसानीची भरपाई मागायला लोकांना दावे दाखल करता यावेत म्हणून राज्याने १८६७ मध्ये एक आयोग नेमला होता. काय काय गेलं ते त्या दाव्यांत लोकांनी स्वतः सांगितलंय. घोडे, खोगिरं, मका, कापड. त्यात गमतीची गोष्ट अशी की सगळे दावे मॉर्गनवर नाहीत. त्याचे स्वार थकलेली जनावरं टाकून शेतकऱ्यांची ताजी घोडी घेऊन जात, आणि मागून पाठलागावर असलेल्या जनरल हॉबसनच्या सरकारी घोडदळाला उरलेली घोडी नेण्यावाचून गत्यंतर नसे. टरबूजवाल्या बाईंना तिने निरोप पाठवलाय की पणजोबांचं पूर्ण नाव आणि गाव कळवा. घोडा नेमका कुणी नेला ते ती शोधणार आहे. बाईंचं उत्तर आलं: आमच्या घरात मॉर्गननेच नेला, कागदात दुसरं काही निघालं तर आधी मला एकटीला सांग.